शेवटचे कडवे कापू नका : मराठी ‘इंडी’चा जन्म यूट्यूबवर झालेला नाही

१/२०
गेल्या काही दिवसांत एक विधान वारंवार वाचनात येते : स्वतः गाणे लिहायचे, स्वतः गायचे, स्वतःच त्याची चित्रफीत काढायची आणि गावोगाव कार्यक्रम करत फिरायचे, असा स्वतंत्र कलाकार मराठीत प्रथमच निर्माण झाला आहे. विधान कौतुकाच्या भरात केलेले असते, परंतु ते असत्य आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे काणाडोळा करू नये, कारण या एका समजुतीपायी काही माणसांची नावे त्यांच्याच गाण्यांतून पुसली जात आहेत. हा धागा त्या नावांविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचा, आणि मतभेद असल्यास पुराव्यासह मांडा.

२/२०
मी कळमेश्वरची. एका १४ एप्रिलची गोष्ट. मिरवणुकीत डीजेवर एक गीत लागले होते. धृपद, पहिले कडवे, ठेका, पुन्हा धृपद आणि लगेच पुढचे गाणे. सोबतच्या मुलांना विचारले, हे गीत कोणाचे? एकाने गायकाचे नाव सांगितले, दुसऱ्याने डीजेचे, तिसऱ्याने रील टाकणाऱ्या खात्याचे. ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी हात वर करून आम्हांला थांबवले आणि डोळे मिटून त्याच गीताचे शेवटचे कडवे म्हटले. त्यात कवीचे नाव आले : वामन. मग ते म्हणाले, “नाव आखरीले रायते, बाई. तुमी लोकं आखरीपावतर आयकतच नाई.”

३/२०
आजोबा ज्याविषयी बोलत होते तिला नाममुद्रा म्हणतात. रचनेच्या अखेरीस कवीने स्वतःचे नाव गुंफायचे. नामदेव, चोखामेळा, तुकाराम यांच्या अभंगांपासून शाहिरांच्या लावण्यांपर्यंत आणि आंबेडकरी गीतांपर्यंत ही रीत अखंड चालत आली आहे. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तेव्हा गाण्याच्या मालकीचा एकमेव दस्तऐवज गाण्याच्या आतच ठेवलेला असे. गाणे शंभर तोंडांतून गेले तरी नाव सोबत जाई. आमच्याच तालुक्यातील धापेवाड्याच्या विठ्ठलमंदिरात बसून पाहा. ‘तुका म्हणे’ येण्याआधी अभंग अर्धवट सोडून कोणी उठत नाही.

४/२०
आता ‘इंडी’ या शब्दाचा इतिहास. हे ‘इंडिपेंडंट’चे लघुरूप आहे. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या वाद्यवृंदाने सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी काढली. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच्या लेबलवर काढली. त्यांच्या पाठोपाठ ब्रिटनमध्ये असे अनेकांनी केले आणि हा शब्द रूढ झाला. म्हणजे मुळात हा शब्द गिटारच्या सुरावटीविषयी नव्हता, उदास आवाजाविषयीही नव्हता. गाणे कोणाच्या पैशाने निघते, कोणाच्या हातून विकले जाते आणि त्यावर हुकूम कोणाचा चालतो, एवढेच तो सांगत होता.

५/२०
हीच कसोटी मराठीला लावू. शब्द स्वतःचे आहेत का? आवाज स्वतःचा आहे का? प्रसार स्वतःच्या किंवा स्वतःच्या लोकांच्या हाती आहे का? काय गावे हे सांगणारा कोणी धनी डोक्यावर आहे का? या कसोटीवर सगळेच पूर्वज उतरतात असा माझा दावा नाही. होनाजी बाळा थोर शाहीर, पण त्यांना दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होता. चित्रपटगीते लिहिणारे आपले मोठे कवीही येथे बसत नाहीत. जे बसतात त्यांतील काही मात्र माझ्या घरापासून फार दूरचे नाहीत.

६/२०
कळमेश्वर तालुक्यात मोहपा नावाचे गाव आहे. तेथे १८७९ मध्ये किसन फागुजी बनसोडे यांचा जन्म झाला. ते कवी, पत्रकार आणि अस्पृश्यतेविरुद्ध लढणारे कार्यकर्ते होते. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. त्यांनी पत्रेही काढली : ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’. नुसती नावे वाचली तरी लक्षात येते की ही पत्रे कोणा धनिकाच्या कृपेवर चालणारी नव्हती. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. मोहप्याचा रस्ता आमच्या गावातून जातो. शालेय जीवनात मात्र मी त्यांचे नाव एकदाही ऐकले नाही.

७/२०
बनसोडे गायक म्हणून दौरे करत होते असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडे पाहायचे ते प्रसाराच्या दृष्टीने. प्रस्थापित संपादक आपले शब्द छापणार नाहीत हे ओळखून त्यांनी स्वतःची छपाई उभी केली. वाचता न येणाऱ्यांपर्यंत विचार पोहोचावा म्हणून अभंग, पदे आणि तमाशा यांसारखे गाता-ऐकता येणारे प्रकार हाताळले. ‘स्वतःचे लेबल’ या कल्पनेचा गाभा हाच आहे. बझकॉक्सच्या साठ-पासष्ट वर्षे आधी मोहप्याच्या माणसाने तो अमलात आणला होता. त्याला ‘इंडी’ म्हणायचे की नाही हा शब्दाचा प्रश्न आहे. त्याचे काम ठाऊक नसणे ही आपली लाजिरवाणी बाब आहे.

८/२०
दुसरे उदाहरण आणखी जवळचे, माझ्या गुणपत्रिकेवरचे. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले आणि २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झाले. महाराजांचे मूळ नाव माणिक. जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातील यावली. ‘तुकड्या’ हे नाव त्यांना वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिले. तेच त्यांच्या भजनांची नाममुद्रा झाले. म्हणजे या भागातल्या हजारो पदव्यांवर आज एका गीतकार-गायकाची नाममुद्रा छापलेली आहे. आणि त्याच पदव्या घेतलेले आपण विचारतो, विदर्भात स्वतंत्र संगीताची परंपरा आहे तरी कुठे?

९/२०
संताला ‘सिंगर-साँगरायटर’ म्हटल्याने कोणाच्या भावना दुखावू नयेत; मी केवळ कामाचे वर्णन करते आहे. ते मराठीत आणि हिंदीत पदे रचत, खंजिरीवर स्वतः गात, गावोगाव फिरत. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. तेथे स्वतःची संघटना झाली. १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी ते जपानलाही गेले. खंजिरी हे वाद्यही ध्यानात घ्या. हातात मावते, विजेवाचून चालते, मैदानात ऐकू जाते. दौऱ्यावरच्या एकट्या कलाकाराला याहून सोयीचे वाद्य कोणते असेल?

१०/२०
त्यांच्या गाण्यात जोखीमही होती. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाले. त्या काळात महाराजांची भजने लोकांच्या तोंडी होती. त्याच वर्षी इंग्रज सरकारने त्यांना अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. पुढे स्वातंत्र्य आले, तरी गाण्याचे भय संपले नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या लाल बावटा कलापथकाला स्वतंत्र भारतातील मुंबई सरकारनेही बंदी दाखवली. राज्यकर्ते बदलले, शाहिराकडे पाहण्याची पोलिसी नजर तीच राहिली.

११/२०
आता जलसा. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. पुढे त्या विचारांचा प्रसार तमाशाच्या चौकटीतून करणारे सत्यशोधक जलसे उभे राहिले. गणाच्या जागी नवे नमन आले, बतावणीत भट-सावकारांची उलटतपासणी आली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतरांनी आंबेडकरी जलसे गाजवले. आपल्या दहा सभांचे काम जलशाचा एक कार्यक्रम करतो, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण आजही सांगितली जाते. भीमरावांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ठेवले, म्हणून एवढे तरी आपल्या हाती आहे.

१२/२०
या परंपरेत वामनदादा कर्डक उभे राहतात. जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडी. मुंबईत मजुरी. अक्षरओळख झाली तीही प्रौढ वयात. १९४३ मध्ये पहिले गीत रचले, ते एका हिंदी गाण्याच्या चालीवर. त्यानंतर २००४ मध्ये निधन होईपर्यंत हा माणूस गात आणि लिहीत राहिला. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह. तिसऱ्याचे नाव पुन्हा वाचा. संग्रहाच्या नावातच नाममुद्रा आहे. आपले गाणे आपल्या नावापासून तोडले जाणार, याची जाणीव या माणसाला पुरेपूर असावी.

१३/२०
त्यांच्या दौऱ्यांना प्रायोजक नव्हता. जयंती, बुद्धपौर्णिमा, लग्न, वस्तीतील सभा. बोलावणे आले की निघायचे. मुक्काम कार्यकर्त्याच्या घरी, जेवण त्यांच्याच चुलीवरचे. गाणे अनेकदा तेथेच लिहिले जाई आणि दुसऱ्या कोणाच्या वहीत राहून जाई. त्यांनी हजारो गीते रचली असे सांगतात. त्यांतील कितीतरी अशाच वह्यांतून आणि लोकांच्या स्मरणातून टिकली. आज ज्याला आपण कलाकार व श्रोते यांचे थेट नाते म्हणून नावाजतो, ते येथे अक्षरशः एका ताटात जेवण्याइतके थेट होते. त्या थेटपणाची किंमतही होती. वही हरवली की गीत हरवे.

१४/२०
पहिला आक्षेप : ‘चाली तर चित्रपटांतल्या असत. मग याला स्वतंत्र संगीत कसे म्हणायचे?’ चाल उसनी घेणे हा त्या काळचा प्रसाराचा मार्ग होता. ओळखीची चाल असली की अक्षरशून्य श्रोताही एका ऐकण्यात गीत घरी नेतो. अमेरिकेचे वुडी गथ्री यांनीही हेच केले. ‘दिस लँड इज युवर लँड’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गीताची चाल कार्टर फॅमिलीने ध्वनिमुद्रित केलेल्या एका जुन्या गीतावर बेतलेली आहे. गथ्रींना सारे जग गीतकार-गायकांचा मूळपुरुष मानते. तोच न्याय वामनदादांना नाकारणाऱ्याने कारण द्यावे. जात वगळता दुसरे कारण मला तरी सापडलेले नाही.

१५/२०
दुसरा आक्षेप : ‘ही चळवळीची गाणी, इंडी म्हणजे व्यक्तीचा स्वर.’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण नाममुद्रेकडेच पाहा. शेवटच्या कडव्यात कवी समूहातून बाहेर येतो, स्वतःचे नाव घेतो आणि म्हणतो, हे मी बोलतो आहे, याची जबाबदारी माझी. ज्याच्या पूर्वजांना नावाने हाक मारतानाही हेटाळणी सहन करावी लागली, त्याने हजारो लोकांपुढे गाण्यातून स्वतःचे नाव उच्चारणे याहून व्यक्तिगत काय असू शकते? एकट्या खोलीतील दुःख तेवढे व्यक्तिगत आणि वस्तीतील दुःख सामूहिक, ही वाटणी कोणी केली?

१६/२०
वितरण पाहायचे असेल तर अशोक विजयादशमीला नागपूरला या. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचा वर्धापनदिन साजरा करण्यासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तेथे पुस्तकांचे आणि गीतांचे बाजार भरतात. गीतांच्या चोपड्या, मग कॅसेटी, मग सीडी. वाहक बदलले, ग्राहक तोच राहिला. मोठ्या संगीत कंपन्यांच्या यादीत जागा नसलेले कवी आणि गायक येथून घराघरांत गेले. मँचेस्टरमधल्या दुकानावर पुस्तके लिहिली जातात. या बाजारावर, त्यातील प्रकाशकांवर आणि विक्रेत्यांवर आपल्या किती विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिला?

१७/२०
आता वर्तमान. २०२४ मध्ये संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ आणि क्रेटेक्स व श्रेयस सागवेकर यांचे ‘तांबडी चामडी’ देशभर वाजले. मला दोन्ही गाणी आवडतात. परंतु ‘तांबडी चामडी’ प्रसिद्ध करणारे स्पिनिन रेकॉर्ड्स हे डच लेबल २०१७ पासून वॉर्नर म्युझिक या जागतिक कंपनीच्या मालकीचे आहे. यात कलाकारांचा दोष काहीच नाही. मराठी शब्द जगभर गेले याचा आनंदच आहे. पण जागतिक कंपनीच्या लेबलावरून आलेले गाणे ‘इंडी’ आणि स्वतःच्या चोपड्या विकत फिरणारा शाहीर मात्र ‘लोककला’, ही वर्गवारी इतिहासाच्या कोणत्या नियमात बसते, ते मला कोणी समजावून सांगावे.

१८/२०
नवे काहीच नाही असेही मी म्हणत नाही. मोबाइलवरील चित्रफितीमुळे एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात कोणत्याही कंपनीच्या परवानगीवाचून घरोघर पोहोचल्या. अमरावतीचा विपीन तातड आज रॅपमधून वस्तीचे प्रश्न मांडतो. हे खरे सामर्थ्य आहे. आणि जुनी जोखीमही कायम आहे : एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन रॅपरांवर राजकीय रॅपमुळे गुन्हे नोंदवले गेले. त्या वेळी अनेकांना हा प्रकार अभूतपूर्व वाटला. १९४२ चे नागपूरचे तुरुंग आणि लाल बावटा पथकावरील बंदी ठाऊक असती, तर या मुलांना आपण एकटे आहोत असे वाटले नसते. परंपरा पुसल्याचा तोटा असा प्रत्यक्ष असतो.

१९/२०
कायदाही कवीच्या बाजूने आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५७ लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा हक्क देते, आणि हक्क विकल्यानंतरही तो उरतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्व टिकते. वामनदादांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांवर ते २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. तरीही अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये शेवटचे कडवे बसत नाही, म्हणून नाममुद्रा कापली जाते, आणि खाली वर्णनात कवीचे नाव लिहिण्याचे कष्ट कोणी घेत नाही. शतकानुशतके टिकलेली ही व्यवस्था एका कात्रीने निकामी झाली आहे. कात्री आपल्या हातात आहे.

२०/२०
म्हणून तीन मागण्या. रील करा, रीमिक्स करा, पण वर्णनात कवीचे नाव लिहा. इतिहास शिकत असाल तर आपल्या गावातील भजनी मंडळाच्या, जलशाच्या, गायन पार्टीच्या वह्या शोधा. परवानगी घेऊन पानापानाचे छायाचित्र काढा, म्हाताऱ्या गायकांकडून शेवटचे कडवे म्हणवून ध्वनिमुद्रित करा. आणि ‘मराठीतील पहिला’ असे लिहिण्यापूर्वी एकदा थांबा. मी कळमेश्वर आणि मोहप्यापासून सुरुवात केली आहे. पहिले ध्वनिमुद्रण त्या ओट्यावरच्या आजोबांचे आहे. त्यांनी सात गीते म्हटली, प्रत्येकाचे शेवटचे कडवे आधी. तुमच्या गावात अशी कोणती नावे शेवटच्या कडव्यात उरली आहेत? खाली लिहा. मी नोंदवून घेते आहे.